फलकाचा डावा कोपरा

बंद पडलेल्या फ्रिजचा मिस्त्रीला कधी राग येत नसे. फ्रिज बिचारा काही लपवत नाही. कान लावला, पाठीवर हात ठेवला, की कुठे दुखतंय ते सांगून टाकतो. राग यायचा तो माणसांचा, आणि त्यातही पहिला मान घरातल्याच एका माणसाचा. मिस्त्रीचे अब्बा. वय ऐंशीच्या पुढे, काचबिंदूनं दोन्ही डोळे नेलेले, उजेड आणि अंधार एवढंच काय ते कळायचं. जीभ मात्र शाबूत. डोळ्यांचं कामही आता तीच करायची. चहात दूध जास्त झालंय, सून कंटाळलीय, मिस्त्रीनं दाढी केलेली नाही, हे सगळं म्हातारा खुर्चीत बसल्या बसल्या ओळखायचा आणि बोलूनही दाखवायचा.

अब्बा म्हणजे पाटीवाले. दुकानं, दवाखाने, शाळा, गिऱ्हाईक सांगेल त्या लिपीत त्यांनी जन्मभर पाट्या रंगवल्या. पुढे प्लास्टिकवर छापलेल्या पाट्या आल्या आणि धंदा बसला, पण तोंड काही बसलं नाही. डोळे होते तोवर रस्त्यानं जाताना एकेका पाटीला नावं ठेवत चालायचे, आणि बरोबरच्या माणसाला ती पाटी बघायला लावायचे.

पोरानं आपला हात पुढे चालवावा ही त्यांची हौस. सातव्या वर्षीच त्यांनी मिस्त्रीला बोरू धरायला शिकवलं. रोज संध्याकाळी एकच उभी रेघ, पाटी भरेपर्यंत. पोराची रेघ उभी राहायच्याऐवजी चालायलाच लागायची. पालथ्या घड्यावर पाणी. समोर फ्रिज दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे पाने होते, वायरी होत्या आणि उन्हाळ्यात चोखायला बर्फ होता. एक दिवस अब्बांनी वैतागून बोरू हिसकावून घेतला. "तुझ्या हातात पानाच शोभेल!" शाप म्हणून दिलेलं वाक्य पोरानं परवानगी म्हणून घेतलं आणि सरळ रस्ता ओलांडला. धडे थांबले ते थांबलेच. नमाजापुरतं जे पाठ हवं ते त्यानं कानानं ऐकून पाठ केलं. अरबी अक्षरांची आणि त्याची पुढे गाठ पडली नाही, आणि अब्बांनीही घमेंडीत पुन्हा विषय काढला नाही. दोघंही सारखेच.

आता या वयात म्हाताऱ्यानं नवीनच टुमणं लावलं होतं. समाजातल्या काही मंडळींनी मिळून एक संग्रहालय काढलं होतं. जुन्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर चार खोल्या, आणि घराघरांतून मागून आणलेल्या वस्तू. त्यात जुन्या मशिदीच्या दारावरचा लाकडी फलकही होता. दार रुंद करताना तो उतरवला आणि इथे आणून लावला. ही बातमी कानावर पडली तेव्हापासून अब्बांना दुसरं काही सुचेना.

"मला तिथे ने."

"अब्बा, तुम्ही तिथे बघणार काय?"

"मी कुठे बघणार? तू बघणार."

रोज हेच. शेवटी मिस्त्रीनं हात टेकले आणि एका सकाळी निघाला, तेव्हा कुठे म्हाताऱ्यानं बूट घालता घालता खरी गोष्ट सांगितली. तो फलक त्यांच्या उस्तादांचा. अब्बा तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेले. लाकूड घासलं अब्बांनी, अस्तराचे थर दिले अब्बांनी, श्वास रोखून सोन्याचा वर्ख बसवला तोही अब्बांनी. अक्षरं उस्तादांची. सही तेवढी राहिली होती, आणि उस्ताद म्हणाले होते, "डाव्या कोपऱ्यात माझ्या नावाशेजारी तुझं घालीन." त्याच आठवड्यात अब्बांना टायफॉइड झाला. उठून चालायला लागले तोवर फलक दारावर चढलेला, दोन पुरुष उंच, आणि सहीची अक्षरं नखाएवढी. उस्तादांना विचारायची छाती नव्हती. शिडी लावून बघायची लाज वाटली. मग उस्तादही गेले. अब्बा जन्मभर त्या दाराखालून आले-गेले आणि दर वेळी मान वर करून बघत राहिले. आपलं नाव आहे की नाही, एवढं त्यांना कधी कळलं नाही. फलक डोळ्यांसमोर आला तेव्हा डोळेच गेले. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत.

"आणि हे बघ," अब्बांनी वर दम भरला, "तिथे कुणाला विचारायचं नाही. नाव नसलं तर चार लोकांत तमाशा नको."

"मग कळणार कसं? मला ती अक्षरं वाचता येतात का?"

"ते तिथे गेल्यावर बघू."

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. डेअरीवाल्याचा मोठा फ्रीझर पहाटेपासून बंद पडलेला, आत लोण्याचा माल, खिशात फोन थरथरतोय, आणि आपण म्हाताऱ्याचा हात धरून दवाखान्याचे जिने चढतोय. जिनाही असा की मध्येच वळतो. प्रत्येक वळणावर अब्बा थांबायचे, कठडा हलवून बघायचे आणि कठडा बसवणाऱ्याचा उद्धार करायचे.

वर टेबलाशी कॉलेजातली एक मुलगी बसली होती. बहुधा सकाळपासून कुणी फिरकलं नसावं. दोन माणसं एकदम आलेली बघून ती ताडकन उठली. "या आजोबा, या काका! मी दाखवते सगळं." मिस्त्रीचं लक्ष मात्र भिंतीवरच्या एसीकडे. आवाज ऐकूनच त्याचं डोकं फिरलं. खोली एवढीशी, मशीन केवढं! घडीघडीला बंद पडणार, घडीघडीला चालू होणार, आणि हवेतली ओल आहे तिथेच राहणार.

"कुणी बसवला हा?"

"देणगीत मिळालाय," मुलगी अभिमानानं म्हणाली.

"तरीच."

मुलगी सांगत सुटली. ही निळी झिलईची फरशी बघा, यावर वेल आहे, तारे आहेत, आणि गंमत म्हणजे वेल कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते शोधून सापडत नाही. "सापडत नाही कसं?" अब्बा म्हणाले. "कारागिरानं कुठून तरी सुरुवात केलीच असेल ना? फरशी काय आपोआप उगवली?" मुलगी हसली, पण जरा कमी हसली. पुढे जरीचा अंगरखा, अत्तराच्या कुप्या, कुणाच्या तरी पणजीनं हजला जाताना नेलेली पत्र्याची ट्रंक. एका पेटीत ताऱ्यांवरून वेळ आणि दिशा काढायचं पितळी यंत्र होतं, एकावर एक फिरणाऱ्या नक्षीदार चकत्या. मिस्त्रीला पहिल्यांदाच काहीतरी बघावंसं वाटलं. चकत्या कशावर फिरतात, मधली खीळ कशी बसवलीय, हे बघायला तो वाकला तेवढ्यात अब्बांनी बाही ओढली.

"फलक आला का?"

"नाही आला. जरा दम धरा."

"ट्रंका आणि बाटल्या बघायला आलोय का मी?"

तिसऱ्या खोलीत फलक होता. आडवा, दाराएवढा लांब, काळ्या लाकडावर सोनेरी अक्षरं, पुढे जाड काच. मुलीनं खालची चिठ्ठी वाचून दाखवली. जुन्या मशिदीचा फलक, लाकूड आणि सोन्याचा वर्ख. करणाऱ्याचं नाव चिठ्ठीत नव्हतंच. ती पुढे काही सांगणार तोच अब्बा म्हणाले, "बाळ, बोलून बोलून घसा सुकला असेल तुझा. जा, पाणी पिऊन ये." मुलीला ते लागलं. ती टेबलाकडे गेली. मिस्त्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"असं बोलतात का कुणाशी?"

"बोललो. आता बघ. काय दिसतं?"

"सोनं दिसतं."

"सोन्याचं मला काय सांगतोस? मीच लावलंय ते. कोपरा बघ. डावा, खालचा."

मिस्त्री गुडघ्यांवर बसला. वरची मोठी अक्षरं एकमेकांच्या अंगाखांद्यावर चढलेली, कुठलं कुणाचं ते कळू नये अशी. खाली कोपऱ्यात मात्र बारीक एक ओळ होती. "आहे काहीतरी. थांबा, फोटो काढतो. कुणाकडून तरी वाचून घेऊ."

"नाही म्हटलं ना! दिसतं तसं सांग. मी जुळवतो."

"आधी एक वाटी आहे, मग..."

"कुठून सुरू केलंस?"

"डावीकडून."

"अरे गाढवा, उजवीकडून! एवढंही विसरलास?"

मिस्त्रीनं दात आवळले. "उजवीकडून. एक तिरका पाइप आहे. खाली येऊन वाकतो, बेंड मारल्यासारखा."

"पाइप म्हणे! जन्मभर मी काय पाइप काढत होतो?"

"मग काय म्हणू ते तुम्हीच सांगा ना!"

"पाइपच म्हण. पुढे?"

"पुढे छोटे दोन दाते. एकावर दोन टिंबं, दुसऱ्याच्या खाली एक. मग एक गाठ."

अब्बांचं बोट स्वतःच्याच मांडीवर फिरत होतं. ते थांबलं. "लिहिलं," ते म्हणाले. "‘यानं लिहिलं’, असं आहे ते. म्हणजे सहीच आहे. सांग, सांग पुढे."

मिस्त्री सांगत गेला. उभा पाइप, पसरट वाटी, हुक, पुन्हा वाटी. मध्येच फोन थरथरला, त्यानं तो खिशातल्या खिशात दाबून बंद केला. अब्बा मांडीवर जुळवत होते, चुकलं की खेकसत होते, "नीट बघ, हुक उघडा आहे की मिटलेला?" आणि मिस्त्री उलट खेकसत होता, "मिटलेला आहे म्हटलं ना!" टेबलाशी बसलेल्या मुलीला वाटलं असेल, दोघं आता मारामारीवर येणार. एवढ्यात अब्बांचा चेहरा सैल झाला. "उस्ताद," ते पुटपुटले. "उस्तादांचं नाव आहे हे. झालं त्यांचं. पुढे?"

"पुढे एक फूल आहे."

"आणि फुलाच्या पुढे?"

फुलाच्या पुढे लाकूड होतं. काळं, गुळगुळीत, घासून घासून आरशासारखं केलेलं, आणि मग चौकट. मिस्त्रीनं फुलाच्या वर बघितलं, खाली बघितलं, दुसरा कोपराही बघितला. कुठे काही नव्हतं. त्याला त्या उस्तादांचा असा राग आला की काय सांगावं. दोन बोटं जागा, तेवढ्यात एक नाव घालता आलं नाही! आणि मेलेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? शेजारी म्हातारा त्याच्या खांद्यावर हात ठेवून, मान तिरकी करून उभा होता.

"आहे," तो म्हणाला. "फुलाच्या पुढे तुमचं नाव आहे."

"आहे?" अब्बांचा आवाज एकदम लहान झाला. "सांग ना. कसं काढलंय उस्तादांनी?"

मिस्त्रीनं तोंड उघडलं. पाइपनं सुरू होतं की वाटीनं? टिंबं किती? वर की खाली? नुसत्या आवाजावरून त्यानं शेकडो कॉम्प्रेसर ओळखले होते, आणि ज्या माणसाच्या घरात तो लहानाचा मोठा झाला त्याचं नाव त्या लिपीत कसं दिसतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. अब्बांनी कुठल्याच पाटीवर स्वतःचं नाव कधी घातलं नव्हतं, आणि यानं कधी विचारलं नव्हतं.

"एक पाइप आहे," तो म्हणाला. "आणि मग... मग एक..."

अब्बांनी थोडी वाट बघितली. मग त्यांनी मिस्त्रीच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

"राहू दे. खोटं बोलायलासुद्धा अक्षरओळख लागते."

"नाहीये अब्बा! नाही घातलं त्यांनी, आता काय करू मी?"

"कळलं. ओरडू नकोस."

"विसरले असतील."

"उस्ताद कधी काही विसरायचे नाहीत," अब्बा म्हणाले. त्यांनी नाक शिंकरलं, रुमाल घडी करून खिशात ठेवला. एसी बंद पडला, पुन्हा चालू झाला. "फूल कुठे संपतं?" त्यांनी विचारलं. "माझं बोट ठेव तिथे."

मिस्त्रीनं त्यांना हळूच खाली बसवलं, त्यांचं बोट धरलं आणि काचेवर फुलाच्या पुढच्या रिकाम्या जागी टेकवलं. चष्मा पुसताना सोडतात तसा अब्बांनी काचेवर "हा" करून श्वास सोडला. काच धुरकटली. त्या धुरकट जागेत ते लिहायला लागले. हात कापत होता. "मेला हात," ते स्वतःवरच चिडले, पण थांबले नाहीत. मिस्त्री डोळे ताणून बघत होता. असं आहे तर. आधी असा वळतो, मग असा खाली येतो.

"आजोबा! काचेला हात लावू नका!" मुलगी फडकं घेऊन धावत आली. मिस्त्रीनं मागे न बघता हात आडवा धरला. "ताई, थांबा जरा. एक मिनिट थांबा." ती थांबली. पण काचेवरची वाफ कुणाचं ऐकते? ती कडेनं विरत आत आली आणि अक्षरं घेऊन गेली.

"गेलं," मिस्त्री म्हणाला. "अब्बा, अर्धंच बघून झालं माझं. परत लिहा."

"परत? मग एवढा वेळ काय करत होतास?" म्हातारा करवादला. पण त्याचं बोट काचेवरून हललं नव्हतं. तो काचेवर वाकला आणि त्यानं पुन्हा श्वास सोडला.