अप्पांचा घरचा आवाज

ती मालिका परदेशी होती, इंग्रजी होती आणि विनोदी होती. एक रेडिओवाला रोज लोकांचे फोन घ्यायचा, त्यांच्या घरातली भांडणं मिटवायचा, आणि स्वतःच्या घरी गेला की त्याला एक वाक्य धड बोलता यायचं नाही. तिचा एकच सीझन माझ्या खोलीतल्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवर होता. मैत्रीण हदगावची, मी शिरूर अनंतपाळची. दोघी नांदेडला विष्णुपुरीत इंजिनिअरिंग शिकत होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. इंग्रजी कानावर पडावं म्हणून ही मालिका बघ, असं मैत्रिणीनंच सांगितलं. पडद्यावर खाली उमटणारी इंग्रजी अक्षरं वाचून मी हसायचे, तेही तिच्यानंतर.

"तू हसून राहिली का वाचून राहिली?" ती विचारायची.

"आधी वाचते, मग हसते."

"तोवर दुसरा जोक निघून जाते की गं माय."

संध्याकाळी अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन यायचा. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन होता. कॉलेजात काय शिकवलं हे मला त्यांना सांगता यायचं नाही. मी सांगायला लागले की ते नुसतं "हां, हां" करायचे, आणि आपण यांच्यापासून लांब चाललोय असं मला वाटायचं. एक दिवस सांगायला काहीच सुचेना म्हणून मी त्या रेडिओवाल्याची गोष्ट सांगितली. तेव्हापासून त्यांना कॉलेजचं काही नको होतं.

"काय म्हनायलाय आपला रेडिओवाला?" ते विचारायचे.

आपला म्हणायचे, कारण धंदा एकच होता. अप्पा ऑटोवर भोंगा लावून तालुकाभर पुकारा करायचे. आठवडी बाजार, कीर्तन, लसीकरण, हरवलेलं वासरू, आणि सगळ्यात जास्त मयती. कोण वारलं, अंत्यविधी किती वाजता, कुठे. हे सगळं ते पुस्तकी मराठीत बोलायचे. सातवीपर्यंत शिकलेला माणूस तहसीलच्या नोटिसा वाचून वाचून ती भाषा शिकला होता. माईक हातात आला की त्यांची पाठ ताठ व्हायची आणि आवाजाला इस्त्री केल्यासारखं व्हायचं.

एका भागात माईक बंद आहे असं समजून रेडिओवाला मालकाबद्दल वाटेल ते बोलतो. ते सांगितलं तेव्हा अप्पा इतके हसले, की खोकल्यानं त्यांना बोलता येईना. मागून आई म्हणाली, "हसा. सोताचं इसरलात वाटतं." मग मला कळलं, की एकदा नव्या ट्रॅक्टरचा पुकारा करून अप्पा चहाला थांबले आणि चहावाल्याला म्हणाले, "फुकट दिला तरी घिऊ नगस, पंधरा दिसांत बसतंय हे डबडं." माईक चालूच होता. सगळ्या बाजारानं ऐकलं.

तो खोकला आम्ही नीट ऐकला नाही. आवाज बसला होता, पण तो दर उन्हाळ्यात बसायचा. धूळ, ओरडणं. लवंग, खडीसाखर, ज्येष्ठमध यांवर त्यांनी पाऊसकाळ काढला. दिवाळीनंतर लातूरला दाखवलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, गाठ आहे, आणि घशातली आवाजाची पेटीच काढावी लागेल. माणूस वाचेल, आवाज राहणार नाही.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी आम्हा तिघांना बसवून एक गोष्ट सांगितली. घरच्यांना पुढे बरं वाटतं, यांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा.

अप्पा घोगऱ्या आवाजात हसले. "डॉक्टरसाहेब, आख्ख्या तालुक्यात माझंच रेकॉर्ड वाजतंय."

ते खरंच होतं. पुकारा बहुधा एकदाच रेकॉर्ड करून ठेवायचा आणि ऑटो फिरवायचा, अशी त्यांची पद्धत होती. पेनड्राइव्हमध्ये कितीतरी वर्षांचे पुकारे होते. आई म्हणाली, "व्हय, त्याची काळजी न्हाई." मलाही पटलं. आपल्याकडे जितकं आहे तितकं कुणाकडेच नसेल, असं वाटून मला थोडा अभिमानसुद्धा वाटला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांच्या खाटेवर बसून मोबाईलवर मालिकेचा एक भाग त्यांना दाखवला. ते दर मिनिटाला विचारायचे, "आता काय म्हनला?" "ती बाई का रुसली?" "ह्येला बायकू न्हाई का?" मला दोनदा कंटाळा आला. एकदा मी म्हणाले, "अप्पा, जरा बघू द्या ना." त्या आवाजात ते माझ्याशी बोलले ती शेवटची दुपार. फोन माझ्या हातातच होता. एक बटण दाबायचं होतं.

घरी आल्यावर काही दिवसांनी आईनं पेनड्राइव्ह लावायला सांगितला. अप्पा बाहेर अंगणात बसले होते, गळ्याला पट्टी, पट्टीखाली श्वासाचं भोक. मी पहिली फाईल लावली. "सर्व नागरिकांना कळविण्यात अत्यंत दुःख होते की..." आईनं हात झटकला. "मयतीचं नगं. दुसरं लाव." दुसऱ्यात लसीकरण होतं, तिसऱ्यात पुन्हा मयत. मी एकेक उघडत गेले. आवाज त्यांचाच होता, खणखणीत, एकाही शब्दाला कुठे ओरखडा नव्हता. आई बराच वेळ ऐकून म्हणाली, "ह्ये भोंग्याचे अप्पा हायेत. आपले कुठं हायेत?"

आपले कुठेच नव्हते. त्या सगळ्या फायलींत "लई" नव्हतं, "न्हाई" नव्हतं, माझं नाव नव्हतं. चुलत बहिणीच्या लग्नाच्या व्हिडिओत ते कुणाला तरी हाक मारताना दिसतात, पण त्यावर बँड वाजतो. मी मैत्रिणीला फोन केला, तिच्याकडे चुकून काही राहिलंय का म्हणून. ती म्हणाली, "तुझ्या तोंडून ऐकलेलंच हाय माझ्याकडे."

अप्पा वहीत लिहून बोलू लागले. तिथंही तेच. त्यांनी आयुष्यभर लिहिलं ते फक्त पुकाऱ्यासाठी, त्यामुळे हातातून तीच भाषा यायची. "पाणी देण्यात यावे." "तुझी परीक्षा कोणत्या दिनांकास आहे?" मी म्हणाले, अप्पा, बोलता तसं लिहा ना. त्यांनी पेन टेकवला, एक अक्षर खोडलं, आणि लिहिलं, "तसे लिहिण्याची सवय नाही."

राहिलेले भाग मी त्यांना सांगत होते. फोनवर नाही, समोर बसून. पूर्वी त्यांचे प्रश्न यायचे तिथं आता मी आपणहून थांबायचे, आणि ते मान हलवून पुढं सांग अशी खूण करायचे. शेवटच्या भागात रेडिओवाल्याचा कार्यक्रम बंद होतो. तो ऐकणाऱ्यांचा निरोप घेतो आणि माईक ठेवून उठतो. मला ते सांगवेना. मी म्हणाले, "मग त्याचा कार्यक्रम आणखी मोठा होतो, सगळे खूश होतात."

अप्पांनी वही ओढून लिहिलं, "खरी माहिती देण्यात यावी."

मी खरं सांगितलं. ते ऐकत राहिले. आई दारात गहू निवडत होती. ती म्हणाली, "त्यो तरी धड निरोप घिऊन गेला. ह्ये फोन ठिवताना तुला काय म्हनायचे गं? 'चल मग, ठिवतो' असंच ना?"

"नाही. 'बरं हाय मग' म्हणायचे."

"कवाच न्हाई. मी बाजूला बसलेली आसायचे की."

"आई, फोन माझ्या कानाला होता."

आम्ही दोघी खरंच भांडायला लागलो. मग दोघींनी एकदमच अप्पांकडे पाहिलं. त्यांनी आईकडे बघून मान हलवली, नाही. माझ्याकडे बघून हलवली, नाही. त्यांनी ओठ हलवून आपलं खरं वाक्य म्हणून दाखवलं. आम्ही वाकून पाहिलं. त्यांनी पुन्हा म्हणून दाखवलं, सावकाश, मी इंग्रजी अक्षरं वाचायचे तितकं सावकाश. मला कळलं नाही. आईलाही कळलं नाही. मी वही पुढे केली, तर त्यांनी ती हातानं बाजूला सारली आणि तिसऱ्यांदा म्हणाले.

तेव्हाही मला कळलं नाही. मी मान हलवली, कळलं म्हणून. आईनंही हलवली.