शुक्रवारचे माप

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि आजही नाही. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली मुलगी जे पडताळून पाहता येत नाही, त्याला निरीक्षण म्हणत नाही. तरीही हे लिहिते आहे, कारण यातील एक गोष्ट मी स्वतः पडताळून पाहिली होती... आणि ती जुळली.

नव्वदच्या दशकाचा शेवट, डिसेंबर महिना. कोल्हापुरातील एका संशोधन संस्थेत पीएचडीची एकच जागा होती आणि सोमवारी सकाळी अकरा वाजता माझी मुलाखत. ती हुकली तर उन्हाळ्यात लग्न, असे वडिलांनी स्पष्ट सांगितले होते. पुण्यातील माझी रूममेट मेधा म्हणाली, "दोन दिवस आधीच जाऊ. तुझी मुलाखत, माझी सहल." शनिवारी दुपारी आम्ही एसटीने पोहोचलो.

सहलीतले चांगले आधी सांगते. संध्याकाळी दूधकट्ट्यावर म्हशीचे दूध प्यायलो. समोर धार काढलेले, न तापवलेले. परीक्षेत मी अशा दुधाविरुद्ध चार पाने लिहिली होती, हे मेधाने सर्वांदेखत जाहीर केले. गवळी म्हणाला, "प्या ओ ताई, म्हसरानं न्हाय वाचलं तुमचं पुस्तक." रंकाळ्यावर वारा छान होता. तांबड्या रश्श्याने सर्दी पळाली. चांगले एवढेच.

रविवारी सकाळी चप्पल लाईनमध्ये गेलो. एका दुकानाच्या दारात चाळिशीतला कारागीर चामड्याची वेणी विणत बसला होता. त्याचे वडील आत कातडे ठोकत होते. मला पाहताच त्याने हातातले काम खाली टाकले.

"आलीस व्हय परत? सोमवारी उजाडताच येतो म्हणालीवतीस की!"

"मी इथे पहिल्यांदाच येते आहे."

"शुक्रवारी हितंच हुबं ऱ्हाऊन माझ्या म्हाताऱ्याला काय बोललीस? हात थरथरत्यात तर धंदा बंद करा? आन् आता पहिल्यांदा येतीस?"

शेजारच्या दुकानांतली माणसे बाहेर येऊन बघू लागली. मेधा हसत म्हणाली, "अहो, शुक्रवारी ही पुण्यात माझ्या शेजारी बसून नखं खात होती."

"मग ह्यो पाय कुणाचा?"

येथे माप घेताना पाऊल कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवतात. तसा एक कागद त्याने माझ्यापुढे आपटला. माझ्या डाव्या पायाचे तिसरे बोट दुसऱ्यावर चढलेले आहे आणि लहानपणी काच लागून टाचेच्या कडेला खाच पडली आहे. कागदावर दोन्ही होते.

निघून जायला हवे होते. पण मला पडताळा हवा होता! "आत्ता नवे माप घ्या," मी म्हणाले. त्याने घेतले. दोन्ही कागद एकावर एक ठेवून मी उन्हात धरले. रेषेवर रेषा बसली. मेधाचे हसणे थांबले.

"आता बोल," कारागीर म्हणाला. "नीघ हितनं. तुझ्या पायाला आमच्याकडं जोडा न्हाय."

तेवढ्यात म्हातारबाबा उठून बाहेर आले. बराच वेळ माझ्याकडे पाहून मुलाला म्हणाले, "ही न्हवं ती. ही भ्यालीया. तिच्या डोळ्यात भ्या न्हवतं." मग माझ्याकडे वळले. "ती म्हणत हुती, सोमवारी एक जागा घ्यायची हाय, चप्पल त्याआधी पाहिजे. बघ बाई..."

मुलाखतीविषयी मी त्या गल्लीत एक अक्षरही बोलले नव्हते.

सोमवारी नऊ वाजता आम्ही स्टँडजवळ मिसळ खात होतो. साडेदहाला संस्थेत पोहोचलो. कार्यालयातील क्लार्कने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"आता काय राहिलं? नऊलाच तर झाली तुमची मुलाखत. बसची घाई म्हणून पहिला नंबर मागून घेतलात, आणि वर माझ्यावरच खेकसलात."

हजेरीच्या कागदावर माझी सही होती.

"पण नऊला तर आपण—" मेधा बोलू लागली. मी तिचा दंड इतका दाबला की ती कळवळली. 'ती मी नव्हे' म्हटले असते तर चौकशी झाली असती आणि जागा गेली असती.

"माझं पेन राहिलं होतं," मी म्हणाले.

"हां, हे घ्या," म्हणून त्याने खरोखरच एक पेन पुढे केले. ते मी घेतले.

परतीच्या एसटीत मेधा एकदाच बोलली. "तू चोरी केलीस. फक्त कुणाची, ते मला कळत नाही." पुढच्या महिन्यात तिने खोली बदलली.

माझी निवड झाली. त्याच संस्थेत पाच वर्षे काम केले, पदवी मिळवली. मला जुळी बहीण नाही. आईला विचारले तेव्हा तिने मलाच वेड्यात काढले. कुणी सोंग घेतले असेल, तर पायाचे सोंग कसे घ्यायचे?

माझ्या मार्गदर्शक बाई मुलाखतीला समितीत होत्या. माझे प्रत्येक प्रकरण टेबलावर भिरकावून त्या एकच गोष्ट म्हणत, "मुलाखतीत माझ्या पेपरमधली चूक माझ्या तोंडावर दाखवली होतीस. त्या मुलीला घेतलं होतं मी. ती कुठे गेली?"

मी मान खाली घालत असे. ती कुठे गेली, मला माहीत नाही. तिने ती जागा माझ्यासाठी घेतली होती की स्वतःसाठी... तेही नाही.