बाई एक हात कमी बोलायच्या

बाई गेल्याचं सकाळी मला मुरब्याहून कुंदानं, त्यांच्या भावजयीनं, फोन करून कळवलं. दुपारी मोबाइल पुन्हा वाजला. बोईसरच्या आमच्या ब्रिज क्लबाच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी बाईंचा फोटो टाकला होता. खाली जोडलेले हात आणि मजकूर : ‘ब्रिजची निष्ठावंत साधक हरपली. क्लबाची अपरिमित हानी.’ त्याखाली आणखी जोडलेल्या हातांची रांग लागली... ज्या क्लबानं या बाईला लबाड ठरवलं, ज्याची पायरी त्या नंतर कधी चढल्या नाहीत, त्या क्लबाची हानी! मी फोन पलंगावर फेकला. बायको म्हणाली, ‘‘फोनचा काय दोष?’’ दोष कुणाचा ते आता सांगतो. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहावं अशी आपल्याकडे रीत आहे. बाईंबद्दल मी गोडच लिहीन. बाकीच्यांबद्दल हमी देत नाही.

पालघरच्या एका शाळेत मी शास्त्र शिकवायचो, हेमलताबाई गणित. शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत, मीही तेच म्हणायचो, आणि त्या मला शेवटपर्यंत ‘सर’ म्हणत राहिल्या. मुरब्याच्या मच्छीमार घरातल्या. लग्न केलं नाही, भावाच्या घरीच राहिल्या. वडलांची होडी होती, पुढे ती भावाकडे आली. शाळेत बोलणं अगदी प्रमाण, पण जरा मोकळ्या झाल्या की ‘हाय’ आणि ‘नाय’ आपसूक यायचं. मी कॉलेजच्या हॉस्टेलवर ब्रिज शिकलेलो, आणि पालघरात मला चौथा भिडू मिळत नव्हता. चित्रकलेचे मास्तर होते, ऑफिसातले क्लार्क होते, पण तिघांत ब्रिज होत नाही. एकदा मधल्या सुट्टीत बाईंना विचारलं, पत्ते खेळता का? ‘‘गणपतीत जागरणाला मेंढीकोट खेळतो की,’’ म्हणाल्या. मी म्हटलं, मग निम्मं ब्रिज तुम्हाला येतं. उरलेलं निम्मं शिकवताना माझे केस पांढरे झाले.

ज्यांना ब्रिज ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. समोरासमोर बसलेले दोघं भागीदार. प्रत्येकाला तेरा पत्ते, म्हणजे जिंकायचे हातही एकूण तेरा. खेळायला सुरुवात करण्याआधी बोली लावायची, की आम्ही दोघं मिळून इतके हात करू. बोललात तेवढे झाले तर गुण, कमी पडले तर दंड. आणि दहा हात होण्यासारखे असताना नवावरच थांबलात, तर हात दहा झाले तरी मोठं बक्षीस हुकलं ते हुकलंच. भागीदाराचे पत्ते दिसत नाहीत, म्हणून एकमेकांना काय काय आहे ते बोलीतूनच कळवायचं. त्याचे संकेत, इंग्रजीत कन्व्हेन्शन, ठरलेले असतात, आणि ते समोरच्यांनाही माहीत असावे लागतात. एक्क्याचे चार गुण, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. बारा भरले की तोंड उघडायचं. गणिताच्या बाई त्या, एका दुपारीत हे सगळं त्यांच्या डोक्यात बसलं. किती पत्ते पडले, कोणाकडे कोणता राजा अडकलाय, हे त्यांना न चुकता आठवायचं. मी मनात म्हटलं, महिन्याभरात ही बाई मला शिकवेल.

पण बोली आली की गाडी अडायची. हातात दहा हात स्वच्छ दिसत असायचे आणि बाई नवावर थांबायच्या. सरळ हिशेब होता, त्यांना तो माझ्याआधी कळलेला असायचा, तरी थांबायच्या. एकदा, दोनदा, दहादा. शेवटी मी चिडून पत्ते टेबलावर उपडे घातले आणि विचारलं, बाई, तुम्हाला मोजता येतं ना? त्यांनी शांतपणे डबा बंद केला. म्हणाल्या, ‘‘आमच्या घरात होडी बाहेर असली का आज किती म्हावरं येईल ते बोलायचं नाय, सर. मी लहान असताना एकदा बोलले, आज टोपल्या भरतील म्हणून. आयनं माझ्या तोंडावर हात दाबला. बाबा येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाय.’’ मी म्हटलं, अहो, हे पत्ते आहेत, इथे कुणाचा बाप समुद्रात गेलाय? ‘‘कळतंय मला,’’ म्हणाल्या, ‘‘पण तोंडातून निघत नाय.’’ चित्रकलेचे मास्तर पोट धरून हसले. मला मात्र हसू येईना. ज्या खेळाचा पायाच ‘आधी बोला, मग करून दाखवा’ हा आहे, तो खेळ मी अशा बाईला शिकवत होतो जिच्या घरात आधी बोलण्याला बंदी होती.

मी हर तऱ्हेनं प्रयत्न केले. समजावलं, रागावलो, अबोला धरला. मग एक्के विचारण्याचा संकेत शिकवायला घेतला. भागीदार एक विशिष्ट बोली लावतो, आणि त्याचा अर्थ असतो, तुमच्याकडे एक्के किती? उत्तरही ठरलेल्या बोलीतच द्यायचं. मला वाटलं, इथेही या एक लपवणार. पण बाईंनी क्षणही न लावता बरोबर उत्तर दिलं, आणि नंतर कधीही, एकदाही, ते चुकलं नाही. मी विचारलं, हे कसं जमतं? तर म्हणाल्या, ‘‘हे पदरात पडलेलं हाय ना. जे हाय ते सांगीन की. जे यायचंय ते नाय सांगणार.’’ तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बाई आपल्या पत्त्यांबद्दल इतकं खरं बोलत की त्यावर डोळे मिटून विसंबावं. फक्त शेवटच्या अंदाजाला त्या एका हातानं मागे राहत. मग तो एक हात मी वाढवायचा! बाई नवावर थांबल्या की मी दहा बोलायचो. आणि वर्षा-दोन वर्षांतून कधी त्या आपणहून दहा बोलल्या, तर बक्षीस बोलीतच आलेलं असायचं, मी गप्प बसून अकरा होतील म्हणून वाट बघायचो. लोक म्हणतात ब्रिजमधली समज पुस्तकातून येते. माझी सगळी समज या एका बाईच्या न बोललेल्या हातातून आली. आणि सांगतो, मला शेवटपर्यंत त्यांच्यापेक्षा चांगला भागीदार मिळाला नाही. तिच्या... नाही, त्यांच्या समोर बसलं की आपण खोटं बोलू नये असं वाटायचं.

निवृत्त झाल्यावर आम्ही बोईसरच्या क्लबात जायला लागलो. एका सोसायटीचा हॉल, दर रविवारी पाच-सहा टेबलं, बहुतेक जण कारखान्यांतले साहेब, काही निवृत्त, काही व्हायच्या वाटेवर. पहिल्याच रविवारी खेळ सुरू व्हायच्या आधी मी उभा राहिलो. संकेत सगळ्यांना माहीत असावेत हा नियम आहे, म्हणून मोठ्यानं सांगितलं की आमच्या बाई शेवटच्या बोलीत एक हात कमी बोलतात, मी तो धरून चालतो, तुम्हीही धरा. कारणही सांगितलं, कारण कुणीतरी विचारलं. आणि हॉल हसला. नुसतं स्मित नव्हे, खदखदून हसला. सेक्रेटरी तर खुर्चीला टेकून हसले. एकजण ओरडला, ‘‘अरे भाई, ये तो मच्छी कन्व्हेन्शन है!’’ झालं, तेच नाव पडलं. आम्ही कुठल्याही टेबलावर बसलो की, काय बाई, आज जाळ्यात काय? बाई ओढून ताणून हसायच्या. घरी परतताना रिक्षात म्हणायच्या, ‘‘हसू दे. सांगितलं ना आपण, बस.’’ सांगितलं हे त्यांना पुरेसं होतं.

जोवर आम्ही हरत होतो तोवर ही गंमत होती. मग क्लबाच्या वार्षिक स्पर्धेत आम्ही शेवटच्या डावापर्यंत पोचलो, समोर खुद्द सेक्रेटरी. बाई इस्पिकात नवावर थांबल्या. माझे पत्ते अगदी फाटके होते, दुसरा कुणी असता तर मुकाट पास म्हणाला असता. मी दहा बोललो. बाईंनी दहा केले, शेवटचा हात चौकटच्या दुरीवर. चषक आमचा. सेक्रेटरींनी माझे पत्ते उलटे करून पाहिले आणि म्हणाले, ‘‘या पत्त्यांवर तुम्ही वाढवलंत कसं? तुमच्यात खूण ठरली आहे.’’ मी म्हटलं, खूण कसली, पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगितलंय, वर्षभर तुम्हीच चेष्टा करताय! तर हा गृहस्थ चेहरा कोरा करून म्हणतो, ‘‘मला तर असं काही आठवत नाही.’’ कमिटीचे तिघं बसले. मी हॉलभर नजर फिरवली. जो खदखदून हसला होता तो मोबाइलमध्ये बघत होता. ‘मच्छी कन्व्हेन्शन’वाला पाणी प्यायला गेला. कुणालाच काही आठवेना! चषक राखून ठेवला गेला, आणि कमिटीतले एकजण माझ्याकडे न बघता बाईंकडे वळून म्हणाले, ‘‘निदान तुम्ही तरी खरं सांगून टाका.’’ ज्या बाईनं आयुष्यात हातात नसलेला पत्ता कधी बोलून दाखवला नाही, तिला! बाई उठल्या. ‘‘आमी सांगितलं होतं. तुमी हसला होता,’’ एवढंच म्हणाल्या आणि पायऱ्या उतरल्या.

त्या पुन्हा गेल्या नाहीत. मी मात्र गेलो, भांडायला. कितीदा गेलो ते विचारू नका. ‘जाऊ द्या हो सर, खेळच आहे’ हे उत्तर मला पाठ झालंय. खेळ असतो तर तुम्ही चषकासाठी माणसाची अब्रू का घेतली? बाईंना चषक नको होता. एका माणसानं, कुणीही एकानं, उभं राहून ‘हो, यांनी सांगितलं होतं’ एवढं म्हणावं, हे त्यांना हवं होतं. मला त्यांनी ते एकदाच सांगितलं, आणि लगेच विषय बदलला. त्या आजारी पडल्यावर मी मुरब्याला जायचो. त्यांच्या खोलीत, समुद्राच्या बाजूच्या खिडकीपाशी टेबल मांडलेलं होतं. क्लब सुटल्यावर तिथे त्यांनी कुंदाला आणि शेजारच्या दोघींना ब्रिज शिकवलं होतं, मी गेलो की पाठीला उशा लावून स्वतः चौथा हात धरायच्या किंवा नुसत्या बघायच्या. एकदा निघताना मी म्हणून गेलो, ‘‘येईल बघा कुणीतरी क्लबातून, बोलेल.’’ बाईंनी हात वर करून मला थांबवलं. ‘‘येतील असं बोलू नका, सर.’’ ... कुणी आलं नाही.

आणि मग शोकसभा! त्याच हॉलमध्ये, त्याच खुर्च्या, टेबलावर बाईंचा हार घातलेला फोटो. सेक्रेटरींनी खिलाडूवृत्तीवर भाषण केलं, बाईंच्या साधेपणावर केलं, आणि त्यांच्या नावानं एक चषक सुरू करण्याचा विचार आहे असं जाहीर केलं. टाळ्याही पडल्या. मी उठलो. म्हटलं, चषक नंतर बघू, आधी पहिल्या रविवारी आम्ही बोलीबद्दल काय सांगितलं होतं ते ज्यांना आठवतं त्यांनी हात वर करा. पंखे तेवढे फिरत राहिले. सेक्रेटरी हळूच म्हणाले, ‘‘सर, ही ती वेळ नव्हे.’’ बाई जिवंत होत्या तेव्हाही ती वेळ नव्हती, गेल्यावरही नाही, मग तुमच्या पंचांगात ती असते तरी कधी? हे मी तिथे मोठ्यानं विचारलं आणि बाहेर पडलो.

गेल्या रविवारी आम्ही मुरब्याला बाईंच्या खोलीत टेबलाशी बसलो होतो, कुंदा, शेजारच्या दोघी आणि मी. बाईंची जागा मलाच घ्यावी लागली, कारण तीन जणींत ब्रिज होत नाही. दारात कुणीतरी उभं राहिलं. क्लबातला एक सभासद, कमिटीतल्या तिघांपैकी. घाम पुसत आत आले, फोटोला हात जोडले आणि म्हणाले, ‘‘मला आठवतं. तुम्ही सांगितलं होतं. मीही हसलो होतो.’’ माझा ऊर भरून आला, खोटं का बोलू. मी उठून त्यांचा हात धरणार, तोच ते म्हणाले, ‘‘फक्त क्लबात माझं नाव घेऊ नका. रोजची ऊठबस आहे तिथे.’’ मी हात मागे घेतला. बोलली ती कुंदा. तिनं चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, ‘‘क्लबात नाय सांगायचं, मग हितं कोणाला सांगायला आलात? जिला ऐकायचं होतं ती नाय हाय आता. आमाला ठाऊकच हाय ते.’’ गृहस्थ चहा न पिताच गेले. कुंदानं कप मोरीत ओतला, पदराला हात पुसले आणि परत येऊन आपले पत्ते उचलले.

त्या सभासदाचं नाव मी इथे लिहिलेलं नाही. शब्द दिला नव्हता, पण बाईंच्या घरात बोललेलं होतं, म्हणून. पण त्या पहिल्या रविवारी हॉलमध्ये होते ते सगळे या पेपरची ही पुरवणी वाचतात, मला ठाऊक आहे. रविवारी क्लबात टेबलावर हीच पसरून तिच्यावर चहाचे कप ठेवतात. तर कप जरा बाजूला करा आणि वाचा. तुम्हाला आठवतं. क्लबात तोंड उघडायची लाज वाटत असेल, तर मुरब्याला या, पण नाव लपवायला येऊ नका, नाव सांगून बोलायला या. दर रविवारी दुपारी आम्ही बाईंच्या खोलीत असतो, दार उघडंच असतं, चहा मिळेल. फक्त बोलाल ते मोठ्यानं बोला. हसला होतात ना, तेवढ्या मोठ्यानं.