दादांना न विचारता केलेली सही

टॅक्सी सुटायच्या आधी दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खिडकीतून डोकं आत घातलं. वाटलं, आता रडतील. कसलं काय! "पानी तयार झाला का नाय, ते दुसऱ्याच्या जिभेवर नाय ठरवाचा. सोताच चाखाचा. तिकडं बी तसाच कर," म्हणाले. मी ताऱ्यांवर संशोधन करायला जर्मनीला निघालेली, आणि आमचे दादा अजून मिठागरातच उभे.

उलव्याजवळ आमचं मिठागर होतं, आमच्या बोलीत आगर. मीठ धरण्याइतकं पाणी तयार झालं का, हे दादा बोट बुडवून चाखायचे आणि मलाही चाखायला लावायचे. माझं तोंड वेडंवाकडं झालं की "झाला तयार!" म्हणून खो खो हसायचे.

इथे जर्मनीत माझं काम म्हणजे, ताऱ्याच्या पोटात कुठलं मूलद्रव्य किती बनतं, याचं मॉडेल कॉम्प्युटरवर चालवणं. अणुकेंद्रं एकमेकांवर आदळून नवं केंद्र किती वेगाने बनतं, हे प्रयोगशाळेत मोजतात. तो डेटा मी मॉडेलमध्ये घालते. मिठातलं सोडियमसुद्धा असंच कुठल्यातरी ताऱ्यात शिजलेलं. सुरुवातीला एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून जुनाच आकडा घातला, आणि माझ्या ताऱ्यात सोडियम भलतंच वाढलं. सगळे हसले. तेव्हापासून प्रत्येक आकडा मूळ मोजणीशी ताडून बघते.

आणि घरचं? सातबाऱ्यावर दादांचं, भावाचं, माझं, तिघांचीही नावं. भावाचा फोन आला, "आगर इकून द्याचा ठरलाय. दादा तयार हायत, तू फक्त सही करून कागद पाठव." माझी मीटिंग होती. पाठवला. दादांना एक फोन केला नाही. एवढी मी शहाणी!

मे महिन्यात घरी गेले तेव्हा आगरात मातीचा भराव पडला होता, डंपर उभे होते. दादा ओटीवर बसलेले.

"दादा, तुमाला द्याचा होता ना?"

"नाय गं. पन तुझी सही आली. म्हटला, पोरीलाच नको हाय, त मी ठेवून काय करू?"

भावाशी कडाक्याचं भांडले. भराव काही निघाला नाही.

माझ्यासारख्या लांब गेलेल्यांनो, आता घर म्हणजे मला दादा, बास. रोज फोन लावते. भावाने उचलला आणि "दादा बरे हायत" म्हणाला, की सांगते, "तू नको सांगू. त्यांना दे."