पंच्याखालची बोटं

आज शिलाई मशीनला तेल घातलं आणि त्या वासानं मला परभणीतल्या टायपिंगच्या वर्गात नेऊन बसवलं.

निजामाचं राज्य गेलं, तशी कचेरीतली उर्दूही गेली. बाबा तिथं उर्दू लिहिणारे मुनशी होते. इंग्रजी टायपिंग आलं तरच नोकरी टिकणार होती, म्हणून आम्ही बापलेक शेजारीशेजारी बसून शिकत होतो. बोटांकडं बघू नये म्हणून मास्तर हातांवर पंचा टाकायचे.

"डाव्या करंगळीपासून निघा, मुनशीजी," ते म्हणाले.

बाबांच्या कागदावर अक्षरं उलट्या क्रमानं उमटली. जन्मभर उजवीकडून लिहिलेला हात उजव्या करंगळीपासूनच निघाला होता.

वर्ग हसला. मास्तरांनी पंचा उचलला, तसा बाबांनी तो परत हातांवर ओढून घेतला.

"डोकं यायलंय गं माय इकडं," ते हळूच मला म्हणाले, "पन बोटं तिकडंच ऱ्हायलीत."

दुसऱ्या दिवसापासून ते वर्गाला आले नाहीत. पुढं त्यांच्याच कचेरीत नोकरी लागली ती मला.

बाबा वारले तेव्हा लोकांनी त्यांच्यावर अंगभर चादर ओढली. मी त्यांचे दोन्ही हात तेवढे बाहेर काढून ठेवले.