तीनदा नको म्हणणारा बिशप

न्यू लिन या आमच्या परदेशातल्या उपनगरात, तिथल्या लायब्ररीत दर शनिवारी सकाळी इतिहासाचा कट्टा भरतो. दहा-बारा गोरे आजी-आजोबा, थर्मासमधला चहा, आणि मी. इंजिनिअर माणसाचं तिथे काय काम, असं बायको विचारते. खरं सांगायचं तर मी तिथे शहाणपणा मिरवायला जातो. घरात माझं कुणी ऐकत नाही. तिथे निदान सभ्यपणे माना डोलावतात.

पुढच्या शनिवारी बोलायची पाळी माझी होती. मी विषय निवडला मध्ययुगातल्या एका ख्रिस्ती संन्याशाचा. लहानपणीच आईबापांनी मठात आणून सोडलेला. आधी धान्याच्या कोठाराच्या किल्ल्या सांभाळल्या, मग मठाचा सगळा कारभार, मग मठाधिपती. साठी उलटल्यावर शहरातल्या लोकांनी त्याला गळ घातली, आमचे बिशप व्हा. तो म्हणाला, नको. पुन्हा आले, पुन्हा नको. तिसऱ्यांदाही तो नकोच म्हणाला, तेव्हा भाजीच्या वाफ्यातून, मातीनं माखलेल्या हातांनिशी त्याला उचलून घोड्यावर बसवूनच घेऊन गेले. तेव्हाची रीतच होती म्हणे. पहिल्या फटक्यात हो म्हणणाऱ्याला लोक हावरट समजायचे.

मला हे भारीच आवडलं. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? पाहुण्यानं श्रीखंडाला दोनदा नको म्हणायचं आणि वाढणाऱ्यानं वाढायचंच.

भाषणासाठीचं वाचन ऐन रंगात आलं होतं, आणि त्याच आठवड्यात बुधवारी माउंट वेलिंग्टनच्या ऑफिसात साहेबानं मला खोलीत बोलावलं.

"टीम लीडची जागा रिकामी होतेय. माझ्या मनात तू आहेस. घेशील?"

बारा वर्षं मी या वाक्याची वाट बघत होतो. आंघोळ करताना उत्तरसुद्धा पाठ केलं होतं. आणि नेमका तेव्हाच माझ्या अंगात तो बिशप संचारला. खाली बघत म्हणालो, "छे छे, मी कुठला! माझ्याहून लायक माणसं आहेत. दुसरं कुणीतरी बघ." एवढं बोलून, चेहऱ्यावर विनम्र हसू आणून, आग्रहाची वाट बघत उभा राहिलो.

"स्वीट ॲज," साहेब म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत 'झकास'. "स्पष्ट सांगितलंस ते बरं केलंस." आणि त्यानं माझ्यासाठी दार उघडून धरलं.

मी स्वतःला समजावलं, ही पहिली फेरी. गुरुवारी उगाचच त्याच्या टेबलासमोरून चार चकरा मारल्या. तो 'किया ओरा' असा इथला नमस्कार म्हणायचा आणि कामाला लागायचा. शुक्रवारी ईमेल आली. ती जागा माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंना मिळाली होती. त्या नव्या होत्या तेव्हा ड्रॉइंग कसं तपासायचं ते मीच त्यांना शिकवलं होतं. मी जाऊन अभिनंदन केलं. गाल दुखेपर्यंत हसलो.

घरी सगळं ऐकून बायकोनं कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, हवं होतं ना तुला? मग नको कशाला म्हणालास?"

"तशी रीत असते," मी म्हणालो.

"कुठल्या शतकात?"

सोफ्यावरून मोबाइलमधली मान वर न काढता लेक म्हणाली, "बाबा, यू लिटरली सेड नो." वर माझ्या बाजूनं बोलायला घरात तिसरं कुणी नव्हतं.

शनिवारी कट्ट्यावर बोललो. बिशप झाल्यावर त्या बिचाऱ्याची दहा वर्षं चर्चच्या गळक्या छपरावरून भांडण्यात गेली. मला माझ्या मठात परत जाऊ द्या, अशी पत्रं तो मरेपर्यंत लिहीत होता. ऐकून एका आजींनी विचारलं, "आणि लोकांनी त्याचं पहिलंच नको ऐकलं असतं तर?"

"तर तो आपल्या वाफ्यात सुखानं राहिला असता," मी म्हणालो, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. त्याचं नको तिन्ही वेळा खरं होतं. मी मात्र एकदाच म्हणालो, तेही खोटं. चहा घ्यायला न थांबता मी घरी आलो.

सोमवारी साहेबाचं दार वाजवलं. "मला ती जागा हवी होती," मी म्हणालो. एवढंसं वाक्य, पण कान तापले.

तो बघतच राहिला. "मग नाही कशाला म्हणालास?"

"वाटलं, तू पुन्हा विचारशील."

"पुन्हा विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं रे," तो म्हणाला. त्याचा चेहरा खरोखरच पडला होता. "पण माणूस एकदा नाही म्हणाला की त्याच्या मागे लागणं म्हणजे त्याचा अपमान. म्हणून गप्प बसलो." मग त्यानं विचारलं, "किती वेळा विचारायला हवं होतं?"

बिशपला तीनदा विचारावं लागलं होतं. माझी तर दोनदा नको म्हणण्याचीही ऐपत नव्हती.

"आणखी एकदा," मी म्हणालो. "फक्त एकदा."