बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून

आमच्या नातसुना बाळंत होऊन घरी येतात आणि पंखा लावून खुशाल झोपतात. शेजारणी मला डिवचतात, शैलाबाई, तुम्ही कशा काही बोलत नाही? काय बोलू, कपाळ! बरंच करतात पोरी. माझ्या घरात खिडकी लावून बसायचं नाही म्हणजे नाही, आणि ते मला कमलाबाईंनी शिकवलं.

कमलाबाई आमच्या लालबागच्या चाळीत तळमजल्याला राहायच्या. गिरणीतला नवरा लवकर गेला, पदरी मूलबाळ नाही. बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालणं हाच त्यांचा उद्योग. तेव्हा बायका इस्पितळात मोकळ्या व्हायच्या, पण चार दिवसांनी घरी आल्या की ताबा कमलाबाईंचा. हात असा, की रडकं पोर तेल लागताच गप्प. आणि तोंड असं, की सासवांचीही त्यांच्यापुढे बोलायची टाप नव्हती. त्यांचा नियम एकच, बाळंतिणीला वारा लागता कामा नये. खिडकीच्या फटींत त्या स्वतः चिंध्या कोंबायच्या, दार लावून घ्यायच्या, बाजेखाली कोळशाची शेगडी सरकवायच्या आणि निखाऱ्यांवर ओवा, शेपा, वावडिंग टाकायच्या. धुरी संपली तरी शेगडी तिथेच. डोकं दुखतंय म्हटलं की म्हणायच्या, वात आहे, शेक वाढवते.

माझी थोरली झाली ती छप्पन्न सालच्या जानेवारीत. आई लहानपणीच वारलेली, म्हणून बाळंतपण सासरीच. तेवढ्यात मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली आणि अख्खं गिरणगाव पेटलं. माझा नवरा जयवंत सकाळी मोर्च्याला गेला तो रात्रीपर्यंत परतला नाही. मी दहा दिवसांची ओली बाळंतीण, पोरीचं अजून बारसंही झालं नव्हतं.

दुपारी नाक्यावर पोलिसांनी अश्रुधूर सोडला. चाळीत नुसती पळापळ. कुणी ओली पोती घेऊन नळकांड्यांवर टाकायला धावलं, कुणी कांदे फोडून मुलांच्या नाकाशी धरले. सासूबाईंनी आमच्या दाराच्या फटीत ओलं लुगडं कोंबलं. खिडकीत चिंध्या होत्याच. बाळ गारठू नये म्हणून त्यांनी शेगडीत आणखी कोळसे घातले.

तासाभरात माझं डोकं फुटायला लागलं. ओकारी झाली, हातपाय उचलेनात. पोरगी दूध प्यायला तोंडच उघडेना. सासूबाई म्हणाल्या, मेल्यांचा गॅस आत शिरला, आणि अजून एक फडकं ओलं करून फटीत घातलं. त्यांनाही गरगरत होतं. त्यांना काय दोष देऊ, मलाही तसंच वाटलं.

तेवढ्यात कमलाबाई आल्या. डोळे लालभडक, नाकातून पाणी, तोंडाने पोलिसांच्या सात पिढ्यांचा उद्धार चाललेला. आत आल्या आणि सवयीने दार लावून घेतलं. पोर उचलली तर तिची मान कलली. सासूबाई कशाबशा म्हणाल्या, गॅस आत आलाय. कमलाबाईंनी पदराने स्वतःचे डोळे पुसले, मग वाकून माझ्या पापण्या बोटांनी उघडून बघितल्या.

"गॅस आत आला असता तर हिचे डोळे झोंबले असते," त्या म्हणाल्या. "हे तर कोरडे ठणठणीत आहेत."

मग त्यांनी शेगडीकडे बघितलं. मी ते तोंड कधी विसरणार नाही. दुसऱ्या क्षणी त्यांनी दार उघडलं आणि पोरीला घेऊन बाहेर गॅलरीत, सरळ त्या धुरात गेल्या. ही बाई पोर मारणार, म्हणत सासूबाई रडायला लागल्या. कमलाबाईंनी पोर शेजारणीच्या हातात दिली, आत येऊन चिंध्या ओरबाडल्या, खिडकी सताड उघडली आणि माझ्या काखांत हात घालून मला उंबऱ्यापर्यंत ओढत आणलं. डोळ्यांची आग आग झाली, पण श्वास मोकळा झाला. पोरगी मात्र निपचित. कमलाबाई तिच्या तळपायांना टिचक्या मारत होत्या, "रड गो बाय, रड." मला देवाचं नावही आठवेना. आणि मग पोरगी खोकली, लालबुंद झाली आणि टाहो फोडून रडली. अख्खी चाळ पोलिसांना शिव्या घालत होती, आणि मी त्यांच्या अश्रुधुरात बसून पोरीचं रडणं ऐकत होते. इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नाही.

रस्ते मोकळे झाल्यावर पोरीला दवाखान्यात नेलं, कमलाबाई सोबत होत्या. डॉक्टरांनी सांगितलं, कोंडलेल्या खोलीत कोळसा जळला की विषारी वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि लहान जीव आधी जातो. कमलाबाईंनी एवढंच विचारलं, असं मूल झोपेतच जातं का? डॉक्टर हो म्हणाले.

चाळीपाशी आलो तर कमलाबाई घरात न शिरता समोरच्या इमारतीकडे वळल्या. तिथे बकुळा राहायची. आदल्या थंडीत तिचा आठ दिवसांचा मुलगा झोपेतच गेला होता. ते बाळंतपण कमलाबाईंनीच केलं होतं. बकुळेची सासू चारचौघांत म्हणायची, हिच्याच दुधानं पोर खाल्लं. मी कमलाबाईंचा हात धरला. म्हटलं, जाऊ नका, कुणाला कळणार आहे? तुमचं पोट आहे यावर. असं बोलल्याची मला आजही लाज वाटते. त्यांनी हात सोडवून घेतला आणि जिना चढल्या, मीही मागोमाग.

बकुळेच्या दारात उभं राहून, सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "बकुळेचं पोर तिच्या दुधानं गेलं नाही. खोली मी कोंडली होती. शेगडी मी ठेवली होती."

बकुळेच्या सासूने नाही नाही ते बोलून दार त्यांच्या तोंडावर आपटलं. गॅलरीतल्या बायका बघत राहिल्या. यापुढे आपल्याला कुणी बोलावणार नाही हे कमलाबाईंना तिथेच कळलं असणार. त्या कठडा धरून जिना उतरायला लागल्या, मी पोरीला छातीशी घेऊन मागे.

अर्ध्या जिन्यात मागून बकुळा अनवाणी धावत आली. मला वाटलं, आता ही कमलाबाईंच्या थोबाडीत देणार, आणि दिली असती तर मी मध्ये पडले नसते. पण ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"वर्षभर मी कुणाच्या पोराला हात लावला नाही," ती म्हणाली. "मला वाटायचं, माझं अंगच विषारी आहे."

कमलाबाई पायरीवर बसल्या. बकुळा माझ्या पोरीकडे बघत होती. मी पोर तिच्या हातात दिली.